पायथनच्या दस्तऐवजांत मराठी शोध नीट चालावा म्हणून: स्फिंक्स सुधारण्याची रीत

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या दस्तऐवजांचे मराठी भाषांतर करून त्यापासून संकेतस्थळ तयार केले आणि शोधपेटीत ‘सूची’ हा शब्द लिहिला, तर उत्तरादाखल जवळजवळ प्रत्येक मोठे पान समोर येते. ‘संच’ लिहिला तरी तीच पाने येतात आणि ‘साचा’ लिहिला तरीही तीच. भाषांतर कितीही काळजीपूर्वक केलेले असले, तरी ज्या वाचकाला हवे ते पान सापडत नाही त्याच्यापुरते ते नसल्यासारखेच असते, आणि असा वाचक मुकाट्याने इंग्रजी पानाकडे वळतो. हा दोष भाषांतराचा नसून दस्तऐवज बांधणाऱ्या स्फिंक्स या साधनाचा आहे. ते साधन मुक्तस्रोत असल्यामुळे दुरुस्ती आपल्या हातात आहे, आणि ती कशी करावी हे येथे क्रमाने मांडले आहे. पायथन येणाऱ्या, थोडीफार जावास्क्रिप्ट वाचू शकणाऱ्या आणि मराठी शब्दांची रूपे कशी बदलतात याची जाण असलेल्या कोणालाही हे काम झेपण्यासारखे आहे. या तीनपैकी तिसरी पात्रता सर्वांत मोलाची, कारण पहिल्या दोन जगात कुठेही मिळतात.

दोष कोणत्या थरात आहे ते आधी ठरवावे

पायथनचे दस्तऐवज सीपायथन, म्हणजे पायथनची मूळ अंमलबजावणी, हिच्या मुख्य प्रकल्पातच ‘डॉक’ नावाच्या फोल्डरमध्ये, रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या लेखनपद्धतीत साठवलेले असतात. पूर्वी ते लॅटेक या अक्षरजुळणीच्या पद्धतीत होते. २००७ मध्ये जॉर्ज ब्रँडल यांनी त्यांचे रूपांतर केले आणि त्यासाठी लिहिलेले साधन २००८ मध्ये स्फिंक्स या नावाने सर्वांसाठी प्रसिद्ध झाले. आज पायथनशी संबंध नसलेले अनेक प्रकल्पही स्फिंक्स वापरतात, म्हणून त्यात केलेली सुधारणा एका भाषेच्या दस्तऐवजांपुरती राहत नाही.

पडद्यावर दिसणारे एक पान अनेक साधनांच्या हातून तयार होते. डॉक्युटिल्स हे साधन मजकूर वाचून त्याचे वृक्षरूप बनवते. स्फिंक्स अनेक फायलींमधले परस्परसंदर्भ जोडते, अनुक्रमणिका आणि शोधसूची बनवते आणि शेवटी एचटीएमएल लिहून देते. पायथनपुरत्या खास सोयी ‘डॉक’ फोल्डरमधल्या ‘टूल्स’ या उपफोल्डरात लहान लहान जोडण्यांच्या (एक्स्टेन्शन्सच्या) रूपात ठेवलेल्या आहेत. पानाचे रूप पायथन-डॉक्स-थीम या स्वतंत्र प्रकल्पातून येते. आणि भाषांतरे गेटटेक्स्ट पद्धतीच्या, म्हणजे मूळ वाक्य आणि त्याचे भाषांतर जोडीने ठेवणाऱ्या, फायलींमधून येतात. पायथनच्या दस्तऐवजांची भाषांतरे अधिकृत संकेतस्थळावर कोणत्या रीतीने ठेवावीत, हे २०१७ च्या पेप ५४५ या प्रस्तावात ठरवलेले आहे. एखादी अडचण दिसली की ती यांपैकी कोणत्या ठिकाणी जन्म घेते हे आधी शोधावे. चुकीच्या प्रकल्पाकडे तक्रार गेली, तर ती कितीही योग्य असली तरी तिथल्या लोकांना काही करता येत नाही आणि तक्रार करणाऱ्याचा उत्साह मावळतो.

मराठी शोधाचा दोष स्फिंक्समध्ये आहे, आणि त्यातही तो दोन जागी आहे. स्फिंक्सच्या संकेतस्थळावरचा शोध कोणत्याही सर्व्हरवर होत नाही. दस्तऐवज बांधतानाच पायथनमधला एक भाग सर्व पानांतले शब्द वेगळे काढतो, त्यांची मूळ रूपे ठरवतो आणि कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची सूची एका जावास्क्रिप्ट फाइलमध्ये लिहून ठेवतो. नंतर वाचक शब्द टाइप करतो तेव्हा त्याच्या ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट तो शब्द तशाच रीतीने तोडते आणि त्या सूचीत पाहते. दोन्ही बाजूंनी शब्द अगदी सारखाच तोडला, तरच तो सापडतो. पुढच्या प्रत्येक निर्णयात ही अट लक्षात ठेवावी लागते.

बांधणीची बाजू शब्द तोडण्यासाठी पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरातले नमुने ओळखणाऱ्या सूत्रांतला) शब्द-अक्षरांचा नेहमीचा वर्ग वापरते. या वर्गात युनिकोडने (सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाने) ‘अक्षर’ किंवा ‘अंक’ ठरवलेली चिन्हे येतात. देवनागरीतल्या काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार आणि हलन्त यांची नोंद मात्र युनिकोडमध्ये ‘खूण’ या गटात आहे, त्यामुळे त्या प्रत्येक ठिकाणी शब्द तुटतो. ‘सूची’मधून उरतात ‘स’ आणि ‘च’. ‘संच’ आणि ‘साचा’ यांतूनही तेच दोन तुकडे उरतात. ब्राउझरमधली जावास्क्रिप्टही मुख्यतः अक्षर आणि अंक हेच गट मानते, खुणा मानत नाही, म्हणून ती वाचकाचा शब्द त्याच तुकड्यांत तोडते आणि हे दोन तुकडे असलेली सर्व पाने प्रामाणिकपणे परत देते. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली फलनांची (फंक्शन्सची) नावे या गोंधळातून सुटतात, आणि म्हणूनच केवळ ‘प्रिंट’सारखी नावे रोमन लिपीत शोधून पाहणाऱ्याच्या हे ध्यानातही येत नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनविषयीच्या युनिकोडच्या १८ व्या तांत्रिक मानकात खुणांना शब्दाचाच भाग मानण्याची शिफारस आहे. सुधारणा सुचवताना या मानकाचा आधार द्यावा, म्हणजे हा प्रश्न कोणा एका भाषिकाच्या आवडीचा नाही हे वाचणाऱ्याला लगेच कळते.

दोष लहान करून दाखवावा

संपूर्ण पायथन दस्तऐवजांवर प्रयोग करत बसू नये. स्फिंक्सचा एक रिकामा प्रकल्प बनवून त्याची भाषा मराठी ठेवावी आणि तीन पाने लिहावीत: पहिल्याच्या मजकुरात फक्त ‘सूची’ हा शब्द, दुसऱ्यात ‘संच’, तिसऱ्यात ‘साचा’. हे शब्द पानांच्या शीर्षकांत मात्र घालू नयेत, कारण स्फिंक्स शीर्षके वेगळ्या रीतीनेही जुळवून पाहतो आणि त्यामुळे योग्य पान वर येऊन मूळ दोष झाकला जातो. बांधलेली पाने थेट फाइल म्हणून न उघडता पायथनबरोबर येणाऱ्या छोट्या सर्व्हरवरून उघडावीत, म्हणजे निकालांखालचे उतारेही दिसतात. शोधसूचीची फाइलही उघडून पाहावी. तिच्यात देवनागरी अक्षरे युनिकोडच्या सांकेतिक क्रमांकांच्या रूपात दिसू शकतात, पण शब्दांऐवजी सुटी अक्षरे साठवली गेली आहेत हे तिथे स्पष्ट दिसते. ही तीन पाने, अपेक्षित निकाल आणि प्रत्यक्ष निकाल एवढे एकत्र केले की तक्रारीचा सर्वांत महत्त्वाचा भाग तयार होतो, आणि पुढे हीच पाने चाचणी म्हणून उपयोगी पडतात.

शब्द नीट तोडणे

स्फिंक्समध्ये ज्या भाषांच्या शोधाची खास सोय आहे, त्या प्रत्येकीसाठी एक वर्ग (क्लास) असतो. तो ‘सर्चलँग्वेज’ या मूळ वर्गावरून बनवायचा असतो आणि त्यात शब्द तोडणारे, मूळ रूप काढणारे आणि निरुपयोगी शब्द गाळणारे फलन आपल्या भाषेप्रमाणे लिहायचे असते. जपानी आणि चिनी भाषांत शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, म्हणून त्यांच्यासाठी शब्द तोडण्याची वेगळी व्यवस्था आधीपासून आहे; मराठीसाठी वर्ग लिहिण्याआधी ते कोड अवश्य वाचावे. ज्या भाषेसाठी वर्गच नाही, तिच्यासाठी स्फिंक्स इंग्रजीचा वर्ग वापरतो.

शब्द तोडण्याचा नियम लिहिताना देवनागरीचा संपूर्ण युनिकोड पट्टा शब्दाचा भाग मानण्याचा मोह होतो. तसे करू नये. त्या पट्ट्यात एकेरी आणि दुहेरी दंड आहेत, तसेच संक्षेपाचे लहान वर्तुळही आहे. ही चिन्हे वगळली नाहीत तर ओळीच्या शेवटचा शब्द दंडासकट सूचीत जातो. उलट, शून्य रुंदीचे जोडचिन्ह त्या पट्ट्याबाहेर आहे, आणि मराठीला ते घ्यावेच लागते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला अर्धा र दोन रीतींनी साठवला जातो: एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर हे अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखेच, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. ‘ॲरे’, ‘ॲप’ यांतल्या पहिल्या अक्षराचीही तीच गत आहे; ते एकाच चिन्हाने लिहिता येते किंवा अ आणि चंद्र अशा दोन चिन्हांनी. युनिकोडचे प्रमाणीकरण या दोन्ही जोड्या एक करत नाही. म्हणून शब्द तोडण्याच्या आधी त्या एका रूपात आणण्याचा नियम आपणच लिहावा, आणि तोच नियम ब्राउझरच्या बाजूलाही लिहावा.

यात एक बारकावा आहे. निकालाच्या पानावर शोधलेला शब्द ठळक करणारा भाग तो शब्द पानाच्या मूळ मजकुरात शोधतो. पानावर अक्षराचे एक रूप आणि शोधात दुसरे रूप असेल, तर पान सापडते पण शब्द ठळक होत नाही. म्हणून भाषांतराच्या फायलीही एकदा त्याच नियमाने एकसारख्या करून घ्याव्यात.

पायथनच्या अंगभूत रेग्युलर एक्स्प्रेशनला युनिकोडच्या गटांची नावे समजत नाहीत, जावास्क्रिप्टला मात्र ती समजतात. त्यामुळे पायथनमध्ये चिन्हांचे क्रमांक आणि जावास्क्रिप्टमध्ये गटांची नावे असे दोन वेगळे नियम लिहिणे सोपे वाटेल, पण ते टाळावे. दोन्हीकडे क्रमांकांचा तोच पट्टा आणि तेच अपवाद लिहावेत. पुढे कोणी एका बाजूचा नियम बदलला, तर दुसरी बाजूही बदलायला हवी हे त्याला नजरेने दिसले पाहिजे.

गाळायच्या शब्दांची यादी

इंग्रजी वर्गात गाळायच्या शब्दांची एक यादी आहे, आणि तिच्यात ‘इफ’, ‘फॉर’, ‘इन’, ‘विथ’, ‘नॉट’, ‘अँड’, ‘ऑर’ हे शब्द येतात. सामान्य इंग्रजी मजकुरासाठी हे ठीक आहे, पण पायथनमध्ये हे सर्व भाषेचे राखीव शब्द आहेत आणि नवशिक्या वाचक तेच शोधतो. मराठीचा वर्ग लिहिताना ही यादी वारशाने घेऊ नये. मराठी शब्दही हात राखूनच गाळावेत: ‘आहे’, ‘असते’, ‘हा’, ‘ही’, ‘हे’ एवढे पुरेसे आहेत. ‘किंवा’ आणि ‘नाही’ हे शब्द तार्किक क्रिया समजावणाऱ्या पानांचे मुख्य विषय असू शकतात. सूची थोडी मोठी झाली तर पान उघडायला किंचित वेळ लागतो. शब्दच गाळला गेला तर पान सापडतच नाही. या दोहोंत निवड करायची तर मोठी सूची पत्करावी.

प्रत्यय आणि सामान्यरूप

शब्द नीट तोडले तरी मराठीत अर्धेच काम होते, कारण वाचक ‘फलन’ शोधतो आणि मजकुरात ‘फलनाला’, ‘फलनाचा’, ‘फलनांमध्ये’ अशी रूपे असतात. यासाठी मूळ रूप काढणारे फलन लिहावे लागते. त्याचा साधा क्रम असा ठेवता येतो: आधी ‘मध्ये’, ‘साठी’, ‘पासून’, ‘पर्यंत’, ‘प्रमाणे’ यांसारखी शब्दयोगी अव्यये काढावीत, लांब आधी आणि आखूड नंतर, मग विभक्तीचे प्रत्यय काढावेत, आणि शेवटी सामान्यरूपाचा काना, आणि त्यावर अनुस्वार असेल तर तोही, काढावा.

येथे उत्साहाला आवर घालावा. ‘साचा’ या शब्दाच्या शेवटी ‘चा’ आहे, पण तो षष्ठीचा प्रत्यय नाही; म्हणून प्रत्यय काढल्यावर किमान दोन अक्षरे उरली पाहिजेत अशी अट घालावी. तीही पुरत नाही. ‘आयात’मधला ‘ात’ सप्तमीचा समजून काढला तर ‘आय’ उरते, आणि ‘आयातीसाठी’ या रूपातून मात्र ‘आयात’ किंवा ‘आयाती’ उरते. म्हणजे ‘आयात’ शोधणाऱ्याला ज्या पानावर ‘आयातीसाठी’ असे लिहिले आहे ते पान सापडणार नाही, आणि सुधारणेआधी जे जुळले असते तेही हातचे जाईल. उलट ‘तारीख’ आणि ‘तारखेला’, ‘बेरीज’ आणि ‘बेरजेचा’ यांत शब्दाच्या आतला स्वर बदलतो, त्यामुळे शेवटचा प्रत्यय काढून ती जुळत नाहीत. अशा शब्दांसाठी अपवादांची एक लहान कोष्टकासारखी यादी ठेवावी आणि ती पायथनच्या दस्तऐवजांत खरोखर येणाऱ्या शब्दांपुरतीच असावी. मराठी व्याकरणाचा संपूर्ण पट येथे मांडण्याची गरज नाही. शोधाच्या कामात मूळ रूप व्याकरणाच्या दृष्टीने शुद्ध असण्यापेक्षा एकाच शब्दाची सर्व रूपे एकाच ठिकाणी पोहोचणे आणि दोन वेगळे शब्द एक न होणे हे अधिक महत्त्वाचे आहे.

हे फलनही दोनदा लिहावे लागते. स्फिंक्सच्या अपेक्षेप्रमाणे जावास्क्रिप्टच्या बाजूला ‘स्टेमर’ नावाचा वर्ग आणि त्यात ‘स्टेमवर्ड’ ही पद्धत असावी लागते, आणि शब्द तोडणारे फलन ‘स्प्लिटक्वेरी’ या नावाचे असावे लागते. दोन्ही बाजू जुळत आहेत याची खात्री डोळ्यांनी करू नये. शब्द, अपेक्षित तुकडे आणि अपेक्षित मूळ रूप अशी एकच सारणी फाइलमध्ये लिहावी आणि पायथनची चाचणी व ब्राउझरची चाचणी या दोघींनाही तीच फाइल वाचायला लावावी. स्फिंक्समध्ये पायथनच्या चाचण्या पायटेस्टने आणि जावास्क्रिप्टच्या चाचण्या जस्मिनने चालतात, त्यामुळे ही सारणी दोन्हीकडे जोडणे अवघड नाही. सारणीत दोन्ही प्रकारचा अर्धा र, दोन्ही प्रकारचा ॲ, दंडाने संपणारे वाक्य, ‘साचा’, ‘आयात’ आणि ‘तारखेला’ हे नमुने असलेच पाहिजेत.

सुधारणा पाठवण्याचा क्रम

थेट स्फिंक्सच्या मुख्य प्रकल्पात मोठा बदल पाठवण्याऐवजी मराठीचा वर्ग आधी स्वतंत्र जोडणी म्हणून लिहावा. स्फिंक्समध्ये नवी शोधभाषा नोंदवण्यासाठी ‘ॲड सर्च लँग्वेज’ ही सोय आहे, त्यामुळे स्फिंक्सच्या कोडला हात न लावता ती जोडणी कोणत्याही प्रकल्पात वापरता येते आणि खऱ्या वाचकांकडून तिची पारख होते.

त्यानंतर मुख्य प्रकल्पाकडे जावे, पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. खुणांना शब्दाचा भाग मानणे हा एक बदल, आणि मराठीचे मूळ रूप काढणे हा दुसरा. पहिला बदल मूळ वर्गात झाला तर त्याचा लाभ हिंदी, नेपाळी, बंगाली, तमिळ अशा सर्व भाषांना होतो, कारण त्यांचीही स्वरचिन्हे युनिकोडमध्ये खुणाच आहेत. तो लहान आहे, त्याला मानकाचा आधार आहे आणि मराठी न येणाऱ्या माणसालाही तो तपासता येतो. दुसरा बदल तपासणाऱ्याला मराठी येत नसेल, तर त्याला सारणीवरच विश्वास ठेवावा लागतो. म्हणून सारणीतल्या प्रत्येक ओळीपुढे तो नमुना का घेतला हे सोप्या इंग्रजीत लिहावे. बदलाबरोबर शोधसूचीचा आकार आणि बांधणीचा वेळ, आधीचा आणि नंतरचा, मोजून द्यावा. विचारण्याआधी हे आकडे दिले की चर्चा लवकर मुद्द्यावर येते.

स्फिंक्समध्ये बदल स्वीकारला गेला म्हणजे तो पायथनच्या दस्तऐवजांत लगेच दिसेल असे नाही. सीपायथन स्फिंक्सची कोणती आवृत्ती वापरायची हे ‘डॉक’ फोल्डरमधल्या एका फाइलमध्ये ठरवून ठेवते, आणि ती आवृत्ती पुढे नेणे हा स्वतंत्र बदल असतो. त्यासाठी सीपायथनचा प्रकल्प उतरवून घ्यावा, ‘डॉक’ फोल्डरमध्ये ‘मेक व्हेन्व्ह’ आणि ‘मेक एचटीएमएल’ या आज्ञा चालवून पाने बांधावीत आणि ‘मेक चेक’ने तपासावीत. पहिल्यांदा बदल पाठवताना योगदानाच्या करारावर सही करावी लागते. बदल पाठवला की त्याचे पूर्वदर्शन आपोआप तयार होते; ते स्वतः पाहूनच तपासणाऱ्याला विनंती करावी.

ज्यांना या प्रकल्पाशी ओळख करून घ्यायची आहे त्यांच्यासाठी तिथे एक चांगले पहिले काम आहे. परस्परसंदर्भ तुटले की बांधणी सूचना देते, पण जुन्या अनेक फायलींना त्यातून सूट दिलेली आहे आणि त्या फायलींची नावे ‘निटइग्नोर’ या यादीत आहेत. त्यातली एक फाइल घ्यावी, तिचे तुटलेले संदर्भ जोडावेत आणि तिचे नाव यादीतून काढावे. त्यानंतर त्या फाइलमध्ये तसा दोष पुन्हा शिरू शकत नाही.

शोधाखेरीज

मराठी भाषांतरात काम करताना साधनाच्या आणखी काही मर्यादा आढळतात. अनुक्रमणिकेच्या वर्णानुक्रमात ळ हा ल आणि व यांच्यामध्ये येतो, कारण युनिकोडचा क्रम तसा आहे. मराठी वर्णमालेत तो ह नंतर येतो. मूळ इंग्रजी परिच्छेद बदलला की त्याचे भाषांतर संशयित ठरते, आणि स्फिंक्स संशयित भाषांतर आपसूक वापरत नाही, त्यामुळे त्या जागी पुन्हा इंग्रजी दिसते. हे योग्यच आहे, कारण चुकीच्या माहितीपेक्षा इंग्रजी बरे. भाषांतरित आणि अभाषांतरित परिच्छेदांना वेगळी खूण लावण्याची सोय स्फिंक्सच्या ७.१ आवृत्तीपासून आहे. चाचणीच्या संकेतस्थळावर ती चालू ठेवावी, म्हणजे कोणता भाग मागे पडला ते दिसते.

सर्वांत जास्त त्रास देणारी मर्यादा प्रत्ययांची आहे. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये कोडच्या तुकड्याभोवती उलटी अवतरणे (बॅकटिक) देतात, आणि त्यांच्या लगेच पुढे मोकळी जागा किंवा विरामचिन्ह असावे लागते. मराठीत तिथे ‘ला’, ‘चा’, ‘मध्ये’ चिकटून येतात, त्यामुळे खूण ओळखली जात नाही आणि उलटी अवतरणे तशीच छापली जातात. यावर उपाय असा की अवतरण आणि प्रत्यय यांच्यामध्ये बॅकस्लॅश व एक मोकळी जागा द्यावी. छापताना ती दोन्ही नाहीशी होतात आणि प्रत्यय शब्दाला चिकटतो. भाषांतराच्या फाइलमध्ये तो बॅकस्लॅश दोनदा लिहावा लागतो, आणि अनेक भाषांतरकार नेमके तिथेच चुकतात. स्फिंक्स-लिंट हे साधन असे राहून गेलेले ठिकाण ओळखून दाखवते. ते प्रत्येकाने आपल्या संगणकावर चालवावे अशी अपेक्षा करण्यापेक्षा भाषांतराच्या प्रकल्पातल्या स्वयंचलित तपासणीलाच जोडावे, आणि तपासणी अडली की उपायाचे एक मराठी वाक्य, नमुन्यासह, तिथेच दिसेल अशी व्यवस्था करावी.